ज्याची कंबर, त्याला कागद लागत नाही

एका मंगळवारी दुपारी माझी पत्नी वसुधा दुकानातल्या स्टुलावरून खाली पडली. आम्ही तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती गेली. तेराव्यानंतर मी दुकान उघडलं. त्या दिवशी दुकानात एकही बाई औषध मागायला आली नाही.

येत नव्हत्या असं नाही. पायरीपर्यंत यायच्या. आत डोकावायच्या, स्टूल रिकामं बघायच्या, मग भिंतीवरचा फोटो आणि त्यावरचा हार दिसायचा. "अगं बाई," असं काहीतरी पुटपुटायच्या आणि आता आलोच आहोत तर रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून खोकल्याची एक गोळी घेऊन निघून जायच्या. पहिल्या महिन्यात मी ज्या बायकांना खोकल्याच्या गोळ्या विकल्या, त्यांतल्या एकीलाही खोकला नव्हता.

आमचं मेडिकल कामतघरात आहे. मागे लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, पुढे चाळी, आणि मध्ये आम्ही. वसुधा आणि मी दोघेही फार्मसी शिकलेलो; पण शिकून मी पुस्तकात राहिलो आणि ती माणसांत गेली. मी मागच्या बाजूला औषधं लावायचो आणि वेळ मिळाला की वाचत बसायचो. पुढे ती बसायची. बायका दुकानाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे शटरची पट्टी आड येते, तिथे उभ्या राहून तिच्याशी बोलायच्या. तो कोपरा मी कधी ओलांडला नाही. ओलांडायची गरजच पडली नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला "दुकानदारीतल्या गमतीजमती" लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. बहुतेक पुरुषांच्या आहेत.

पाळीच्या दुखण्यावरची गोळी न्यायला नवरा आला, की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. एक प्राध्यापक यायचे. वर्गात मुलांना तासन्तास व्याख्यान देणारा माणूस आमच्या काउंटरवर येऊन म्हणायचा, "ते... हे... आपलं... घरगुती वापराची गोळी." वसुधा गंभीरपणे विचारायची, "घरगुती म्हणजे डासांची का सर?" दुसरे एक गृहस्थ बँकेत होते. ते सरळ सांगायचे की माझंच पोट दुखतंय. वसुधाने वर्षभर ऐकून घेतलं आणि एक दिवस म्हणाली, "तुमचं पोट मोठं नेमाने दुखतं हो. अमावास्या चुकेल, पण ते चुकत नाही." पुढच्या महिन्यापासून त्यांची बायको स्वतः येऊ लागली. हा वसुधाला त्या वर्षीचा सर्वांत मोठा विजय वाटला होता.

गोळी घेतली, की पुढची मागणी ठरलेली: काळी पिशवी द्या, नाहीतर कागदात बांधा. आम्ही वर्तमानपत्रात बांधून द्यायचो. ज्या पानावर 'स्त्रियांनो, मोकळेपणाने बोला' असा लेख छापून आलेला असायचा, त्याच पानात ती लाजिरवाणी गोळी गुंडाळून, वर दोरा बांधून, माणूस बॉम्ब न्यावा तशी घरी न्यायचा. पित्ताची गोळी, मूळव्याधीचं मलम, एवढंच काय, खरजेचं औषधसुद्धा लोक हातात धरून रस्त्याने जातात. फक्त बायकांच्या दुखण्याला कागद लागतो.

यातूनच वसुधाने एक नियम काढला होता. जो पुरुष स्वतःसाठी कमरेची गोळी घेतो, तो ती खिशात टाकतो. जो म्हणतो माझी कंबर दुखतेय आणि वर कागद मागतो, त्याची कंबर ठणठणीत असते. "ज्याची कंबर, त्याला कागद लागत नाही," ती म्हणायची. मी हसायचो आणि परत पुस्तकात शिरायचो.

ही लपवाछपवी का घातक आहे, ते समजायला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. तीही वसुधाच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्या शब्दांत ती कोणालाच कळायची नाही. लूमवर काम करणाऱ्या एका बिहारी बाईने तिला विचारलं होतं, की गोळी घेऊनही दुखणं थांबत का नाही. मी मागून 'प्रोस्टाग्लँडिन' हा शब्द पुरवला. दोघींनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

वसुधा म्हणाली, "देखो, पेट के अंदर एक लूम है. चालू होता है तो खट-खट-खट, कसता है, छोडता है. वही दर्द है. तुम क्या करती हो? लूम पूरा जोर में आने के बाद गोली खाती हो. चलते लूम को हाथ से रोकोगी क्या?"

"हाथ जाएगा दीदी."

"तो मेन स्विच बंद करो. ये गोली मेन स्विच है. पहली आहट पे, खाना खाके. खाली पेट नहीं."

शास्त्र एवढंच आहे. गर्भाशय हा स्नायू आहे. तो आवळावा म्हणून शरीरात एक द्रव्य तयार होतं, तेच ते प्रोस्टाग्लँडिन. सूज आणि दुखणं कमी करणाऱ्या ज्या गोळ्या आपण कंबर, गुडघा, दाढ यांसाठी घेतो, त्या हे द्रव्य तयारच होऊ देत नाहीत. हुकूम सुटला नाही, की स्नायू सैलावतो, कळ ओसरते. जे द्रव्य आधीच तयार झालं, त्याला मात्र गोळी परत बोलावू शकत नाही. म्हणून लवकर घ्यायची. कळा दाबल्या तर पुढे बाळंतपण अवघड जातं, असं सांगणाऱ्या सासवा आमच्याकडे रोज यायच्या. त्यात काही तथ्य नाही.

गोळीला अक्कल मात्र नसते. ती गुडघ्यात जायला सांगून गुडघ्यात जात नाही. सगळीकडे जाते. आणि बाई गरोदर असेल, तर बाळापर्यंतही जाते. बाळाच्या काळजाजवळ एक आडवाटेची रक्तवाहिनी असते. पोटात असेपर्यंत ती उघडी राहावी लागते, आणि ती उघडी ठेवण्याचं काम तेच द्रव्य करतं. गोळीने ती मिटू लागते. बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो, भोवतालचं पाणी कमी होतं. "मेन स्विच एकच असतो," वसुधा सांगायची. "लूम बंद करायला गेलात, तर बाळाच्या खोलीतला दिवाही जातो." दवाखान्यात, दिवस पुरते भरलेले नसताना, डॉक्टर कधीकधी याच जातीच्या औषधाने कळा दोनेक दिवस थोपवतात, बाळाच्या फुप्फुसांसाठी सुया देता याव्यात म्हणून. पण ते सोनोग्राफीच्या यंत्राशेजारी करायचं काम आहे. सासूच्या पदराशेजारी नव्हे.

कायद्याने या गोळ्यांतल्या बऱ्याचशा चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात. आमच्याकडे चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारालाच लोक आजारी समजतात. आम्हीही काही संत नव्हतो. पण वसुधा विचारल्याशिवाय देत नसे. वळ गावातल्या एका गोदामाचा सुपरवायझर एकदा आला होता. लेडीज स्टाफसाठी पाळीच्या गोळ्यांचा मोठा डबा हवा होता. पॅकिंगच्या लाइनवर ठेवायचा म्हणे, म्हणजे कोणी सुट्टी मागणार नाही.

"छान," वसुधा म्हणाली. "सोबत चार खुर्च्याही न्या. शिफ्टमध्ये बसायला."

"खुर्च्या आपल्या मेडिकलमध्ये कुठे मिळतात मॅडम?"

"मग गोळ्याही मिळत नाहीत."

तो दुसरीकडून घेऊन गेला असणार. वसुधाला ते ठाऊक होतं. संध्याकाळी तिने हिशेबाची वही मिटली. नुसतं नाही म्हणून आपण काय थांबवलं, असं तिने मला विचारलं होतं. मी पुस्तकाचं पान उलटलं. त्या उत्तराची पाळी माझ्यावर ती गेल्यावर आली.

कोन गावचे एक शेठ आहेत. त्यांना दामूशेठ म्हणू. जुनं आगरी घर, खाडीकाठची शेती होती, ती गोदामांना दिली आणि आता पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, दारात मोठी गाडी. त्यांची बायको आमचं जुनं गिऱ्हाईक. कोनमध्ये मेडिकल नाही असं नाही. पण आपल्या गावच्या मेडिकलमध्ये बायका कधी जात नाहीत. तिथला दुकानदार भावकीतला असतो. म्हणून कोनच्या बायका कामतघरात यायच्या, आणि कामतघरच्या काहीजणी कुठे जायच्या देव जाणे.

शुक्रवारची दुपार होती. काउंटरवर तीन पुरुष होते. दामूशेठ आले आणि म्हणाले, "भाऊ, कमरेची गोळी द्या. जरा जोरातली."

"कोणाला?"

"मलाच. काल गाडीतून उतरताना भरली."

मी गोळ्यांची पट्टी काढली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "जरा कागदात बांधा."

मी कागद घेतला, पट्टी त्यावर ठेवली, एक घडी घातली आणि तिथेच थांबलो. नियम माझा नव्हता. मी तो फक्त मागे बसून ऐकला होता. पण समोर कागद होता, कागदात गोळी होती, आणि ज्यांची कंबर भरली होती ते शेठ काउंटरवर ओणवे होऊन माझ्या कानाशी आले होते.

मी विचारलं, "शेठ, घरात कोणाला दिवस गेलेत का?"

एवढे शब्द मी परक्या माणसापुढे आयुष्यात उच्चारले नव्हते. शेजारच्या तिघांना अचानक जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पाकिटांवरचा मजकूर वाचण्यासारखा वाटू लागला.

"तुम्हाला काय करायचंय?" शेठ म्हणाले. "गोळी मागितली, गोळी द्या."

"घरात गरोदर बाई असेल तर ही देता येत नाही."

"माझी कंबर आणि गरोदर बाईचा काय संबंध?"

"तुमचीच असेल तर इथे घ्या. पाणी देतो."

त्यांनी गोळी घेतली नाही. चिडले मात्र. "ठेवा तुमच्यापाशी. हितून घरापर्यंत वीस मेडिकल हायेत."

खरं होतं. आणि त्या वीसांत कोणी काही विचारणार नव्हतं. सुपरवायझर गेल्यावर वसुधाने मला जो प्रश्न विचारला होता, तो आता पांढरा शर्ट घालून पायरी उतरत होता. मी काउंटरची फळी उचलून बाहेर आलो आणि त्यांच्या मागे गेलो. दुकानदार गिऱ्हाइकामागे फक्त सुट्ट्या पैशांसाठी धावतो, म्हणून तेही थांबले.

"शेठ, गोळी कुठूनही घ्या," मी म्हणालो. "आधी घरी फोन लावून एकच विचारा. दुखणं सारखं आहे, की येतं आणि जातं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, फोन लावला. मोठ्या माणसांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"अवो, मिलाली का गोली?" पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "आन् त्याला सांगू नका हां कुनासाठी हाय ती."

मीठ-साखरेची पाकिटं वाचणाऱ्यांपैकी एकाला खोकला आला. या वेळी तो खरा असावा.

"दुखणं येतंय-जातंय का, असं विचारतायत," शेठ कसेबसे म्हणाले.

"येतंय न् जातंय सुनंला. मगाशी जास्त येलाने येत व्हतं, आता लगेच येतंय. पन तुम्ही इचारता कशाला? कोन हाय तिथं?"

शेठनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "काकू, मी मेडिकलमधून बोलतो. वसुधाचा..."

तिने मला ओळखलं. मग ती म्हणाली, "ताई असती तं मीच आली असती, भाऊ."

मी रस्त्यात उभा होतो. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तो महिनाभरचा खोकला मला त्या एका वाक्यात कळला. बायकांची दुखणी काही वसुधाबरोबर गेली नव्हती. ती घरातच होती आणि आता नवऱ्यांच्या कमरा होऊन हिंडत होती.

पुढे काय विचारायचं ते मला पुस्तकातून येत होतं. पण वसुधा पहिला प्रश्न पुस्तकातला कधी विचारत नसे. मी तिचाच विचारला. "सून जेवली का?"

"न्हाय वो. सकालपासून चा-बिस्कुटावर हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. सुनेला आठवा लागला होता. रविवारी ओटीभरण होतं. हॉल ठरला होता, आचारी ठरला होता, कोणी पुढारी यायचे होते. सकाळी सुनेच्या कमरेत कळ आली. घरात शेठच्या गुडघ्याच्या गोळ्यांची जुनी पट्टी होती, तीतली एक दिली. "लई चांगली लागू पडली, भाऊ. दुपारपरेंत निवांत झोपली. म्हनलं आनखी दोन-चार दिल्या की आयतवार निघंल."

गोळी लागू पडली होती. तेच तर वाईट होतं. ती लागू पडली नसती, तर सकाळीच कोणीतरी सुनेला दवाखान्यात नेलं असतं. कळा म्हणजे आतून कोणीतरी दार वाजवत होतं, आणि या घराने दाराला गादी लावून ठेवली होती. रविवारपर्यंत.

"काकू, ही कंबर नाही. या कळा आहेत. आता एकही गोळी देऊ नका. बाळ हलतंय का, तिला विचारा."

पलीकडे विचारणं झालं. एक बारीक आवाज ऐकू आला, काय बोलला ते कळलं नाही. "हलतंय म्हनती. पन कालच्यापरीस कमी."

"दवाखान्यात न्या. आत्ता. आणि डॉक्टरांना ती सकाळची गोळी सांगा. लपवू नका, पट्टीच दाखवा."

"पन ओटी..."

"ओटी पोटापेक्षा मोठी आहे का?"

हे वाक्य वसुधाचं नव्हतं. माझं होतं. मला स्वतःला आश्चर्य वाटलं. शेठनी फोन घेतला, बायकोला म्हणाले, "तयार ऱ्हा, मी आलो," आणि गाडीकडे निघाले. दोन पावलांवर थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. मला वाटलं आभार मानतील. ते म्हणाले, "कोनाला बोलू नका, भाऊ." काउंटरवरच्या तिघांनी माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या कामतघराला ठाऊक होतं.

त्यानंतरचे दिवस मला पुस्तकात मन घालता आलं नाही. फोन करावा का, करून काय विचारावं, हे ठरेना. रविवारी ओटीभरणाचं जेवण मात्र झालं, असं ऐकलं. आचारी ठरला होता ना. पंगत हॉलमध्ये, पुढारी माइकपुढे, आणि जिची ओटी भरायची ती दवाखान्यात सलाइनवर. पुढाऱ्यांनी मातृत्वावर भाषण केलं म्हणे.

डॉक्टरांनी सोनोग्राफी करून बाळाचं पाणी पाहिलं, रक्तवाहिनी पाहिली, फुप्फुसांच्या सुया दिल्या. पुढच्या आठवड्यात मुलगी झाली. लहान होती, काही दिवस काचेच्या पेटीत राहिली, पण स्वतःच्या श्वासाने राहिली. हे मला शेठनी सांगितलं नाही. शेठनी गाडीतल्या ड्रायव्हरबरोबर बर्फीचा पुडा पाठवला. तो कागदात घट्ट गुंडाळलेला होता.

सांगायला आल्या त्या सासूबाई. बाळ घरी आल्यावर, एका सकाळी. मी मागे होतो. डाव्या कोपऱ्यातून, शटरच्या पट्टीआडून आवाज आला. "भाऊ, तुम्हीच हाय का?"

"मीच."

"मंग या ना फुडं. मागं बसून धंदा व्हतो का कवा?"

मी पुढे गेलो. उन्हातून चालत आल्या होत्या. त्यांनी वसुधाच्या फोटोला हात जोडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि काउंटरच्या बाजूने हात घालून वसुधाचं स्टूल बाहेर ओढलं. तेराव्यानंतर मी ते रोज पुसत होतो, त्यावर कोणी बसलं नव्हतं. मी स्वतःही नाही. त्या बसल्या, पदराने घाम पुसला आणि मुलीची सगळी हकीकत सांगितली. मग आवाज न उतरवता म्हणाल्या, "आता माझ्या लेकीचं बघा. तिचं पाळीत लई दुखतं. लग्नाचं वय झालं, कोनाला सांगायची लाज वाटते तिला."

काउंटरवर एक गृहस्थ पित्ताची गोळी घ्यायला उभे होते. त्यांनी ताबडतोब मीठ-साखरेचं पाकीट उचललं. मी सासूबाईंना विचारलं, "लेक जेवते का नीट?" आणि मग बाकीचं.

असं नाही की सगळं पहिल्यासारखं झालं. निम्म्या बायका अजून येत नाहीत. ज्या येतात त्यांतल्या काही अजूनही आधी खोकल्याची गोळी मागतात. पुरुष तर मला टाळतात. त्या म्हाताऱ्याकडे जाऊ नको, तो चारचौघांत विचारतो, असा माझा लौकिक झाला आहे. वसुधाला हे सांगता आलं असतं तर ती हसली असती. ती नसल्याने ते मी इथे लिहून ठेवतो आहे.

स्टूल आता काउंटरच्या बाहेर असतं. त्यावर गिऱ्हाईक बसतं. मी पुढे उभा असतो. कोणी कागद मागितला, की मी विचारतो.